नाव न घेतलेला हात

त्या रविवारी सकाळी गास्पारनं सायकलच्या चेनला तेल घातलं, चाकांतली हवा अंगठ्यानं दाबून पाहिली आणि हात पुसत स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. एलोइसा पाव मधोमध चिरून त्यात बटाट्याचं जाड ऑम्लेट भरत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

"अटी लक्षात आहेत ना?"

"पाठ आहेत."

"म्हणून दाखव बघू."

"नेवेराचा घाट पुरा चढायचा. मध्ये उतरून चालायचं नाही. आणि कोणाचा हात घ्यायचा नाही."

"घेतला तर?"

"तर सायकल तुझ्या भाच्याला."

"तो वाटच बघतोय," एलोइसा म्हणाली आणि पाव कागदात गुंडाळून तिनं त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात कोंबला.

गेल्या हिवाळ्यात गास्पारच्या छातीत कळ आली होती. दुकानातच. गिऱ्हाईक खुर्चीत, अर्धी दाढी झालेली, आणि हा वस्तरा हातात धरून जमिनीवर बसलेला. पुढे जिल्ह्याच्या गावी इस्पितळ, हृदयाच्या नळीत जाळी, गोळ्या, पथ्यं. उन्हाळ्यात डॉक्टरनं सायकलला परवानगी दिली. पण डॉक्टर काही रात्री शेजारी जागा राहून त्याचा श्वास ऐकत नव्हता, ते काम एलोइसाकडे होतं. म्हणून तिनं आपल्या अटी घातल्या. हिमवर्षाव सुरू व्हायच्या आधी गावचं सायकलमंडळ दरवर्षी नेवेराचा घाट ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जेवायला जातं. त्यात टिकला तर सायकल राहील, नाहीतर विषय संपला.

गास्पारला सायकल सोडणं म्हणजे काय, ते बायकोला सांगता आलं नसतं. विलार्दे गावात त्याच्यासारखे खूप म्हातारे होते. चौकातल्या बाकावर उन्हाला बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत. त्या बाकावर त्याच्यापुरती जागा रिकामी आहे असं त्याला रोज दुकानातून दिसे, आणि त्याला त्या बाकाची खरोखर भीती वाटे.

आता हाताची गोष्ट. घाटात एखादा थकला की शेजारून चालवणारा त्याच्या कमरेवर तळवा टेकवतो आणि ढकलतो. सगळीकडेच ढकलतात. पण विलार्देच्या मंडळाची एक पद्धत होती. खिंडीत पोचल्यावर ज्याला हात मिळाला त्यानं देणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव घेतलं की हात निघतो. नाव न घेता चढाई स्वतःच्या खात्यावर घालणं ही चोरी, आणि अशा चोराला मंडळात कोणी विचारत नसे. सातुर तर नाव घेईपर्यंत हात काढायचाच नाही. एकदा निकानोर ताठपणानं गप्प राहिला, तेव्हा सातुरनं त्याला खिंडीतून खाली, पुलावरून, थेट खानावळीच्या दारापर्यंत तसंच पाठीला हात लावून नेलं होतं. लोक हसून बेजार.

सातुर बेकरीवाला. पीठ मळायच्या यंत्रात उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेलेली. गास्पारला त्यानं किती वेळा घाट चढवला असेल याला हिशेब नाही. दोन वर्षांपूर्वी तो न्यूमोनियानं गेला, घरच्या अंथरुणात, सगळे भोवती असताना. शेवटची दाढी गास्पारनंच केली होती.

नदीकाठचा रस्ता सोपा गेला. ओर्सा नदी पाण्यानं भरलेली, काठचे पॉपलर पिवळे झालेले, पानं रस्त्यावर चिकटलेली. मंडळी एकामागे एक ओळीनं चालली होती, पुढचा वारा झेलतो, मागचे त्याच्या आडोशाला, मग कोपर हलवून तो बाजूला होतो आणि दुसरा पुढे येतो. गास्पारची पाळी आली की निकानोर मुद्दाम त्याच्या आधीच पुढे घुसे.

"माझी पाळी आहे, निकानोर."

"तुझी पाळी घाटात. तिथं तुझा वारा कोण खातंय बघू."

"तू तुझं पोट सांभाळ. चढावर तेच आधी थकतं."

"माझ्या पोटाला जाळी नाही बसवलेली, म्हाताऱ्या."

सगळे हसले, गास्पारही. एलोइसा निकानोरच्या बायकोबरोबर गाडीनं, मोठ्या रस्त्याच्या बोगद्यातून पलीकडे जाणार होती. घाटाच्या जुन्या रस्त्यावर आता सायकली आणि गुरं सोडून कोणी जात नाही.

चढण लागली तशी ओळ तुटली. एकेक जण आपापल्या चालीनं पुढे सरकला. निकानोर शेवटपर्यंत शेजारी रेंगाळत होता. गास्पारनंच त्याला हाकललं.

"जा पुढं. तू बाजूला असलास तर मला मोह होईल."

"नक्की?"

"जा रे लेका. सूप गरम ठेवायला सांग."

निकानोर उभा राहून पेडल मारत वळणाआड गेला. मग धुकं आलं.

धुकं वरून उतरलं नाही, नदीकडून चढत आलं. आधी दरीतला पाण्याचा आवाज बंद झाला, मग कठड्याचे दगड दिसेनासे झाले. समोरचं चार हात डांबर, त्यावर पुढचं चाक, एवढंच जग उरलं. ओल्या लोकरीचा वास येत होता. मेंढ्या केव्हाच खोऱ्यात उतरवल्या होत्या, तरी वास होता. गास्पारनं सगळ्यात हलका गिअर टाकला आणि श्वास मोजत राहिला, डॉक्टरनं सांगितला होता तसा.

रस्ता दुरुस्त करणाऱ्या कामगारांचं पडकं घर डाव्या हाताला आलं तेव्हा त्याला कळलं की खरा चढ आता सुरू होतोय. या घरापासून खिंडीपर्यंत रस्ता भिंतीला टेकलेल्या शिडीसारखा उभा आहे. भल्याभल्यांना हात लागतो तो इथंच. पहिल्या वळणाला त्याच्या मांड्या पेटल्या. दुसऱ्याला पुढचं चाक डगमगायला लागलं. पेडल खाली जाईना. एक पाय पेडलच्या क्लिपमधून सोडवून जमिनीला लावावा, एवढंच उरलं होतं, आणि तो पाय लागला की संपलं. त्याला चौकातला बाक दिसला.

तेव्हा कमरेवर तळवा टेकला.

किती अलगद! जर्सीच्या खिशाच्या खाली, मणक्यावर, जिथं टेकायला हवा बरोबर तिथं. आणि सायकल पुढे सरकली. गास्पारच्या तोंडून नकळत हुंदका फुटला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. ढकलला जाणारा मान वळवत नाही, चाक वाकडं जातं.

"निकानोर?" त्यानं विचारलं. "मी नको म्हटलं होतं ना..."

हात तसाच. ना जोर कमी, ना जास्त.

थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की शेजारी सायकलचा आवाज नाही. ढकलणारा पेडल थांबवतो तेव्हा मागच्या चाकाची टिकटिक ऐकू येते, चेन करकरते, माणूस धापा टाकतो. इथं यातलं काही नव्हतं. फक्त पावलं होती. ओल्या रस्त्यावर कोणी सावकाश चालावं तशी.

आता सरळ विचार केला तर इथंच घाबरायला हवं होतं. पण गास्पारला घाबरायला सवडच नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. त्याला वाटलं, सातुर आहे. सातुरशिवाय कोण येणार? त्याचे डोळे भरून आले. 'मेलास तरी सवय जात नाही रे तुझी,' असं तो मनात म्हणाला आणि पेडल मारत राहिला. एलोइसाला दिलेला शब्द त्या क्षणी आठवला, नाही असं नाही. पण मेलेल्या माणसाचा हात अटीत बसतो का, हे तिनं कुठं सांगितलं होतं?

खिंडीची पाटी धुक्यातून समोर आली. गास्पारनं पाय टेकला आणि पद्धतीप्रमाणे मोठ्यानं म्हणाला, "सातुर! हात सातुरचा!"

धुक्यानं आवाज गिळला. हात निघाला नाही.

गास्पार हसला. चेष्टा करतोय, त्याला वाटलं. "सातुर, बास आता. घेतलं ना नाव."

हात तसाच राहिला. आणि मग, उभ्या उभ्या, दम परत येत असताना, गास्पारला त्या हाताची बोटं जाणवायला लागली. आयुष्यभर माणसांची डोकी हाताळलेला न्हावी तो, स्पर्श त्याला कळतो. उजवा हात. अंगठा. तर्जनी. मधलं बोट. त्याच्या शेजारी अनामिका... आणि करंगळी.

सातुरला ती दोन बोटं नव्हती.

जर्सीतून गारवा आत शिरला. गास्पारनं मागं बघायचं ठरवलं आणि मान वळेना. भीतीनं माणसाची मान अवघडते हे त्यानं ऐकलं होतं, खोटं वाटायचं. मागं पावलं नव्हती, श्वास नव्हता. ओल्या लोकरीचा वास मात्र अगदी मानेजवळ होता.

"कोण आहे...?" तो पुटपुटला.

तळव्यानं हलकेच जोर दिला. टेकलेला पाय उचलला गेला आणि सायकल पलीकडच्या उताराला लागली.

चढावर ढकलणारा हात उतारावरही ढकलतच राहिला तर काय, याचा विचार मंडळात कोणी कधी केला नव्हता. करायची गरजच पडली नव्हती. गास्पारनं दोन्ही ब्रेक दाबले. ओल्या चाकावर रबर किंचाळलं, वेग थोडा कमी झाला आणि पुन्हा वाढला. हात ढकलतच होता. त्या ढकलण्यात राग नव्हता, घाई नव्हती. चढावर होता तसाच मायाळू हात, थकलेल्याला वर नेणारा. पण आता वर काही नव्हतं. खाली वळणं होती, कठडे होते, आणि कठड्यापलीकडे धुक्यात दरी.

"फादर अंसेल्मो!" गास्पार ओरडला. गावातल्या मेलेल्यांपैकी जे सुचेल ते नाव. "आजोबा! आजोबा, तुम्ही आहात का? तेओफिलो! तेओफिलो मेंढपाळ!"

यातलं एकही नाव बरोबर नव्हतं. कानात वारा घोंगावत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, सायकल गाडीच्या वेगानं चालली होती. आणि त्या सगळ्यात पावलं पुन्हा ऐकू येऊ लागली. मागं, अगदी जवळ. धावणारी नव्हेत. चढावर होती तशीच, सावकाश, एकामागून एक, कोणी संध्याकाळी फिरायला निघावं तशी.

डोंगरावरून कोसळणारा बर्फ अडवायला बांधलेला छोटा बोगदा आला. आत दिवा नाही. अंधारात शिरताच बाकीचं सगळं बंद झालं. स्वतःच्या चाकांचा आवाज नाही, ब्रेकचा नाही, स्वतःच्या ओरडण्याचाही नाही. फक्त पावलं घुमत होती, भिंतींवर, छतावर, पुढे आणि मागे. गास्पारनं त्या अंधारात आयुष्यात प्रथमच मनापासून प्रार्थना केली. सायकल काय, सगळं घ्या, पण घरी जाऊ द्या.

बाहेर पडताच वळण. तो वाचला कसा, ते त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. त्यानं सायकल डोंगराच्या बाजूला घातली, गटाराच्या खडीत चाक रुतवलं, पायांची कातडी सोलली, एक ब्रेक तुटला, पण तो पडला नाही. खडीतून फरपटत फरपटत, वळणावळणानं, तो खाली आला. पुलापाशी रस्ता सपाट झाला, धुकं मागं राहिलं, ऊन दिसलं. हाताचा जोर संपला. हात मात्र होता. नुसता टेकलेला, गप्प.

पलीकडच्या खोऱ्यातल्या कास्त्रोंदो गावच्या खानावळीत मंडळी लसणाच्या सुपावर ताव मारत होती. गास्पार दारात दिसताच टाळ्या पडल्या. निकानोर उभा राहिला.

"आला! म्हातारा आला! अरे, तुझ्या पायाला काय झालं?"

"खडीत घसरलो."

"आणि घाट? पायानं चढलास की सायकलनं?"

"सायकलनं."

एलोइसा खिडकीजवळ बसली होती. ती उठली नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. तिचा चेहरा पांढरा पडला होता. किती वेळ ती त्या रस्त्याकडे बघत बसली असेल, हे गास्पारला एका नजरेत कळलं. तिनं हळूच विचारलं, मंडळात विचारतात त्याच शब्दांत.

"कोणाचा हात?"

सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. पद्धतच तशी होती.

सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काय सांगायचं? नाव ठाऊक नव्हतं. भुतानं ढकललं म्हणावं, तर सायकल जाईलच, वर डोक्याच्या डॉक्टरकडेही नेतील. आणि एलोइसाचे डोळे... किती दिवसांनी त्यांत त्याच्याबद्दल काळजीऐवजी दुसरं काही दिसणार होतं.

"कोणाचाच नाही," गास्पार म्हणाला. "एकटा चढलो."

एलोइसा उठली आणि सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पडली. तिचे हात त्याच्या खांद्यांवर होते, दोन्ही. कमरेवरचा तिसरा हात जागचा हलला नाही.

सायकल राहिली. अंगणातल्या छपराखाली खुंटीला टांगलेली. गास्पार तिच्याकडे फिरकला नाही. पाय बरा होऊ दे, म्हणाला. मग थंडी जाऊ दे, म्हणाला. चर्चच्या पायऱ्या उतरताना तो कठड्याला घट्ट धरू लागला, चौकाकडचा उतार भिंतीला पाठ घासत उतरू लागला. चढावर काही नसायचं. उतार आला की कमरेवर तळवा टेकायचा, हलकासा जोर यायचा. दुकानात गिऱ्हाइकाची मान खाली वाकवतानासुद्धा त्याला आता आपल्याच तळव्याची किळस येई. तरी तो बोलला नाही. एलोइसा खूष होती. शेजारणींना सांगत होती, जाळी बसवलेला माझा नवरा नेवेरा एकटा चढला. ते तिच्या तोंडून ऐकताना त्याला शरम वाटे, आणि शरमेनं तो आणखी गप्प होई.

मग एका सकाळी तो उठला आणि पाठ हलकी होती. चर्चच्या पायऱ्या तो कठडा न धरता उतरून आला. मुद्दाम परत चढला, परत उतरला. काही नाही. दुकान बंद करून, वाटेत निकानोरला दोन शिव्या हासडून, तो शीळ घालत घरी आला. आज सांगून टाकू, त्यानं ठरवलं. आता गेलाच आहे, तर सांगायला काय हरकत. तिच्याशी खोटं बोललेलं त्याला खरंच सोसवत नव्हतं.

एलोइसा तळघरातून सफरचंदं आणायला निघाली होती. टोपली घेऊन ती जिन्याकडे गेली, दिवा लावल्याचा आवाज आला. गास्पार टेबलापाशी बसून पाव कापत होता, सुरुवात कशी करावी याचा विचार करत.

"गास्पार," खालून तिचा आवाज आला, थोडा त्रासलेला, थोडा हसरा. "ढकलू नकोस ना. उतरतेय की मी."

सुरी त्याच्या हातातून पडली.

तो जिन्याच्या तोंडाशी धावला. दिवा लागलेला होता, जिना रिकामा होता. "एलोइसा!" तो ओरडला. "मी एकटा चढलो नव्हतो! ऐकतेस का, मला हात मिळाला होता, मी चोरी केली!" आणि मग तो नावं घेऊ लागला. ज्यांच्या दाढ्या केल्या होत्या त्या सगळ्या मेलेल्या माणसांची, कब्रस्तानातल्या दगडांवर वाचलेली, आजीकडून ऐकलेली, तोंडाला येईल ते प्रत्येक नाव, मोठ्यानं, खिंडीत घेतात तसं.

त्यांच्या तळघराला जेमतेम सात-आठ पायऱ्या. एलोइसाची पावलं अजून खाली उतरत होती. आणि तिच्या मागोमाग, सावकाश, दुसरी.